चाकांवरची काळी धूळ

दसरा आठवड्यावर आला की आमच्या गावात दोन ठिकाणी रांगा लागतात. एक झेंडूच्या ढिगांपुढे आणि दुसरी गाड्या धुण्याच्या सेंटरपुढे. ज्यांना रांगेत थांबायचे नसते ते दारातच पाइप लावतात आणि घरातली पोरे बादल्या घेऊन चाकांभोवती बसतात. या आठवड्याचा विषय वाचून काही वाचक म्हणतील, डॉक्टरांनी दवाखाना सोडून गॅरेज कधी काढले? पण विषय आरोग्याचाच आहे आणि तो माझ्या टेबलापर्यंत रुग्णांनीच आणला आहे.

पहिले आले ते एक निवृत्त गुरुजी. रक्तदाब मोजून झाला. दंडाचा पट्टा सोडता सोडता ते म्हणाले, "डॉक्टर, आजाराचं नाही, पण विचारतो. मुलानं गाडी घेतलीय. चाकं चांदीसारखी आहेत. रविवारी धुतली की बुधवारपर्यंत पुढची दोन्ही काळी. मागची मात्र बरी असतात. बोट फिरवलं तर काजळीसारखं लागतं. तेल गळतंय की काय?"

मी विचारले, "पुसता कशानं?"

"आधी कोरड्या फडक्यानं झटकतो, मग ओल्यानं पुसतो. परवा झटकताना जरा नाकातोंडात गेलं आणि दिवसभर खोकलो. म्हणून तर तुमच्या कानावर घातलं."

दुसरा रुग्ण गेल्या वर्षीचा, याच दिवसांतला. गाड्या धुण्याच्या सेंटरवर काम करणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याची हकीकत पुढे सांगतो, कारण तिच्यात माझीही चूक आहे.

गुरुजींच्या चाकावर तेल नव्हते. ती ब्रेकची धूळ होती. आजच्या बहुतेक मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर एक बिडाची तबकडी फिरते आणि आपण ब्रेकवर पाय ठेवला की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. घर्षणाने गाडी थांबते, पण त्या घर्षणात तबकडीही झिजते आणि पॅडही झिजतात. सहाणेवर चंदन उगाळले की सहाणही झिजते, तसेच हे आहे. बिडाचा कीस म्हणजे मुख्यत्वे लोखंड. पॅडमध्ये राळ, ग्राफाइट, बेराइटसारखी खनिजे, पोलादाचे किंवा तांब्याचे तंतू असे बरेच काही दाबून बसवलेले असते. या सगळ्याचे पीठ होऊन ते गरमागरम बाहेर पडते आणि शेजारच्या रिमवर बसते. त्यात दव, पाऊस, चिखल मिसळला की लोखंडाचे कण गंजतात आणि रिमच्या रंगात रुततात. म्हणून महिनाभर न धुतलेल्या चाकावर काळ्याबरोबर विटकरी ठिपकेही दिसू लागतात आणि ते घासूनही निघत नाहीत.

पुढचीच चाके काळी का, याचे उत्तर सोपे आहे. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो. बसमध्ये उभे असताना चालकाने ब्रेक दाबला की आपण सगळे पुढे जातो, तसेच गाडीचेही होते. त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढच्या ब्रेकांवर येते. शिवाय अनेक गाड्यांना मागे ड्रम असतात. ड्रम म्हणजे झाकणाचा डबा. धूळ तिथेही होते, पण ती आतच साठत राहते. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरून परत आलेल्या गाडीची पुढची चाके एकदा निरखून पाहा. सपाट रस्त्यावर आठवड्यात जेवढी काळी होत नाहीत तेवढी एका उतारात होतात. उतारावर खालचा गिअर न टाकता सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरणारे बरेच असतात. तबकडी काही शे अंश तापते आणि जळका वास येतो. तो वास पॅडमधली राळ तापल्याचा असतो. खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकही वाचतील आणि चाकेही.

आता आरोग्याचे. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ब्रेकच्या धुळीतले बरेचसे कण दहा मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. नाकातले केस आणि घशातला चिकट ओलावा मोठी धूळ अडवतात, पण इतकी बारीक धूळ खाली श्वासनलिकांत उतरते आणि तिच्यातली सर्वांत बारीक तर थेट हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचते. त्यामुळे चाकावर बसलेली धूळ ही गोष्टीचा एक भाग झाला. चाकावर न बसता हवेत गेलेली धूळ डोळ्यांना दिसत नाही, ती आपण चौकात उभे राहून श्वासाबरोबर घेत असतो.

आजवर आपण गाडीचा धूर म्हणजे सायलेन्सर असेच धरून चाललो. अलीकडे संशोधकांचे लक्ष ब्रेककडे वळले आहे. २०२० साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले की, फुप्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या रक्षक पेशींना ब्रेकच्या धुळीने साधारण डिझेलच्या धुराइतकाच त्रास होतो. २०२५ साली इंग्लंडच्याच साउदॅम्प्टन विद्यापीठातून आलेल्या अभ्यासात तांबे भरपूर असलेल्या पॅडची धूळ फुप्फुसाच्या पेशींना डिझेलच्या धुरापेक्षाही जास्त विषारी ठरली. हे प्रयोग पेशींवरचे आहेत, माणसांवरचे नव्हेत, हे ध्यानात ठेवूनच त्यांच्याकडे पाहावे. पण युरोपाने ते गंभीरपणे घेतले आहे. २०२४ साली मंजूर झालेल्या 'युरो ७' नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीला मर्यादा घातली गेली, बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम आणि निव्वळ बॅटरीवरच्या मोटारींना ३ मिलिग्रॅम. बॅटरीच्या गाड्या बराचसा वेग मोटर उलटी वापरून कमी करतात, त्यामुळे त्यांचे पॅड कमी झिजतात.

मग गुरुजींनी घाबरावे का? नाही. आठवड्यातून एकदा स्वतःची चार चाके धुणाऱ्या माणसाला या धुळीचा धोका थोडा आहे, आणि ओले करून धुतले तर आणखी थोडा. ज्याला दमा आहे किंवा जुना खोकला आहे त्याला मात्र कोरडी धूळ झटकल्याने तेवढ्यापुरता त्रास नक्की होईल. त्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावे. माझी खरी काळजी गुरुजींची नाही. ती आहे आपण ज्याच्याकडे गाडी टाकून चहाला जातो त्या मिस्त्रीची आणि त्याच्या हाताखालच्या पोराची.

मघाच्या ड्रमकडे वळू. आपल्या गावातल्या बहुसंख्य घरांत मोटार नसली तरी दुचाकी आहे, आणि निदान तिच्या मागच्या चाकाला तरी बहुधा ड्रम आहे. ब्रेक चीं चीं करू लागला किंवा कमी लागू लागला की आपण गॅरेजला जातो. मिस्त्री चाक काढतो, ड्रम उघडतो. आत वर्षभराचे काळे पीठ साठलेले असते. मग तो कॉम्प्रेसरची नळी घेतो आणि एअर मारतो. फस्सकन काळा ढग उठतो, मिस्त्री क्षणभर तोंड वळवतो, शेजारी पान्हा घेऊन उकिडवे बसलेले पोर वळवतही नाही. त्यानंतर लायनरला पॉलिश पेपर मारला जातो आणि पुन्हा एअर. दिवसातून असे आठ-दहा वेळा. हे काम मी स्वतः माझ्या स्कूटरवर कित्येकदा करून घेतले आहे आणि शेजारच्या बाकावर पेपर वाचत बसलो आहे. एमबीबीएस असून.

या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, हे यातले सर्वांत वाईट. ॲस्बेस्टॉस म्हणजे काय हे सिमेंटच्या पत्र्यांमुळे सर्वांना ऐकून माहीत आहे. हे तंतुमय खनिज आहे, दगडाचा जणू कापूस. ते जळत नाही, स्वस्त आहे, घासले तरी टिकते. त्यामुळे विसाव्या शतकात बराच काळ जगभर ब्रेकच्या लायनरमध्ये तेच भरले जाई. त्याचे तंतू इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. ते श्वासातून फुप्फुसात गेले की शरीराला त्यांना ना विरघळवता येते, ना सहज बाहेर टाकता येते. तिथे हळूहळू व्रण धरतो आणि फुप्फुस कडक होते. या आजाराला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. जिना चढताना लागणारी धाप आणि कोरडा खोकला ही त्याची सुरुवात. फुप्फुसाचा कर्करोगही यातून होतो, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा एक दुर्मीळ, फार वाईट कर्करोगही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, ज्या गटात तंबाखू आहे. ॲस्बेस्टॉस आणि बिडी-सिगारेट एकत्र आली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही खूप वाढतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ब्रेक लावताना होणाऱ्या उष्णतेने ॲस्बेस्टॉसचे बरेचसे तंतू मोडतात आणि त्यांचे दुसरेच, तंतू नसलेले खनिज बनते. त्यामुळे ड्रममध्ये साठलेल्या जुन्या धुळीत शाबूत तंतूंचे प्रमाण थोडे असते. मेकॅनिक लोकांत मेसोथेलिओमा किती वाढतो याबद्दल तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. पण नव्या लायनरची गोष्ट वेगळी. त्याला अजून आच लागलेली नसते. लायनर ड्रममध्ये बसेना म्हणून त्याला कानस लावणे, कडा ग्राइंडरवर मारणे, पॉलिश पेपरने घासणे, यांतून निघणारी पूड ही न जळलेली, शाबूत तंतूंची असते. गॅरेजमधले सर्वांत धोक्याचे काम हे, आणि ते बहुधा सर्वांत लहान पोराकडे दिलेले असते.

तुम्ही म्हणाल, आता तर पॅडच्या खोक्यावर 'ॲस्बेस्टॉस-फ्री' असे छापलेले असते. खरे आहे. चांगल्या कंपन्यांचे पॅड आणि लायनर आता तसेच येतात आणि थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावेत. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली, अमेरिकेने २०२४ च्या मार्चमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या उरलेल्या वापरांवर बंदीचा नियम काढला, त्यात ब्रेकचे सुटे भागही आले. आपल्याकडे सरसकट बंदी झालेली नाही. त्यामुळे नावगाव नसलेल्या पुडक्यातून मिळणारा निम्म्या किमतीचा लायनर कशाचा आहे हे ना मिस्त्री सांगू शकत, ना दुकानदार. शिवाय वर सांगितलेला साउदॅम्प्टनचा अभ्यास पुन्हा आठवा. त्यात सर्वांत विषारी ठरलेली धूळ ॲस्बेस्टॉस नसलेल्या पॅडचीच होती. म्हणजे खोक्यावर काहीही छापलेले असो, ही पूड छातीत जाऊ नये एवढे खरे.

आमच्या चौकातल्या मिस्त्रींना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पंचवीस वर्षं एअर मारतोय. काय झालं मला?" या प्रश्नातच सगळी अडचण आहे. हे आजार आज धूळ घेतली आणि उद्या खोकला आला असे येत नाहीत. तंतू आत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण वीस ते चाळीस वर्षे जातात. सोळाव्या वर्षी कानस हातात घेतलेले पोर पन्नाशीला येते तेव्हा त्याला धाप लागते, आणि तोवर ते गॅरेजही नसते आणि तो मालकही. मग तो आमच्याकडे येतो. आम्ही विचारतो, बिडी किती ओढता? थुंकी तपासून घेतो, फोटो काढतो, क्षयाची शंका घेतो. तरुणपणी काय काम करत होता हे विचारायचे राहून जाते. हा दोष मी माझ्यासकट आम्हा सर्व जनरल प्रॅक्टिशनर मंडळींच्या पदरात टाकतो. गॅरेजमध्ये काम केले असेल तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी तुम्ही आपणहून सांगा.

१९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील कामगारांच्या प्रकरणात निकाल देताना, कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षे ठेवण्यास सांगितले. चाळीस हा आकडा उगाच आलेला नाही, आजारच तितका वेळ घेतो. पण तो निकाल कारखान्यांचा. पत्र्याच्या शेडमधल्या दोन माणसांच्या गॅरेजात नोंद कोण ठेवणार?

आणखी एक. १९६५ साली लंडनमधल्या एका अभ्यासात असे आढळले की, मेसोथेलिओमाच्या रुग्णांत ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांच्या घरची माणसेही होती, ज्यांनी कारखान्यात कधी पाऊल टाकले नव्हते. कामगारांचे कपडे घरी झटकले आणि धुतले जात, एवढाच त्यांचा संबंध. गॅरेजमधली धूळ तितकी नसते हे मान्य. तरीही कामाचे कपडे गॅरेजातच बदलावेत, पिशवीत घालून न्यावेत, न झटकता थेट पाण्यात बुडवावेत आणि लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. त्याच हातांनी तंबाखू मळू नये हे तर सांगायलाच हवे. काळ्या तळव्यावर चुना आणि तंबाखू घेऊन अंगठ्याने मळणारे मिस्त्री मी रोज पाहतो.

उपाय महाग नाही. झाडांवर मारायची असते तसली फवाऱ्याची बाटली घ्यावी, पाण्यात थोडा साबण मिसळावा. ड्रम उघडताना फटीतून आणि उघडल्यावर आत सगळीकडे हलका फवारा मारावा, जोराचा नको. खाली जुने घमेले ठेवावे. धूळ चिखल होऊन घमेल्यात पडते, उरलेली ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. फडके वाळायच्या आत पिशवीत बांधून टाकावे. जमीन कोरड्या झाडूने झाडू नये. लायनर घासायचाच असेल तर ओला करून घासावा. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, इतकी बारीक धूळ रुमालातून सहज जाते. करोनाच्या काळात सर्वांना माहीत झालेला एन-९५ मास्क नीट घट्ट बसवला तर साध्या धुळीला चांगला, पण ॲस्बेस्टॉसला तोही पुरेसा समजू नये. मिस्त्रींची शंका अशी होती की, पाणी लागले तर ब्रेक लागणार नाही. पाणी दोन-चार ब्रेक मारल्यावर वाळून जाते. ब्रेकला वैर आहे ते तेलाचे आणि ग्रीसचे, पाण्याचे नाही. गिऱ्हाइकानेही तोंड उघडावे. "मिस्त्री, एअर नको, पाणी मारा," एवढे म्हणायला काही पडत नाही.

एअरचा आणखी एक प्रसाद डोळ्यांना मिळतो. लोखंडाचा कण बुबुळावर रुतून बसला की एका दिवसात त्याच्याभोवती गंजाचे वर्तुळ धरू लागते. मित्राकडून रुमालाच्या टोकाने किंवा काडेपेटीच्या काडीने तो काढून घेणे हा गॅरेजमधला जुना उद्योग आहे आणि त्यातून बुबुळाला जखम होऊन फूल पडलेले डोळे मी पाहिले आहेत. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, चोळू नका, आणि खुपणे थांबले नाही तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आता त्या मुलाची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात तोबा गर्दी होती. तो आला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटे दाबून धरली होती. बोटांची टोके जराशी लाल, बाकी काही नाही. फोड नाही, जखम नाही. तो म्हणाला, चाकं घासायचं ॲसिड लागलं, दुपारी. मी पाहिले, साधे भाजणे समजून मलम लावले, दुखण्याची गोळी दिली आणि पाठवून दिले. लालीच्या मानाने तो फारच कळवळत होता. मला वाटले पोरगा हळवा आहे. रात्री साडेअकराला त्याचा मालक त्याला घेऊन घरी आला. बोटे पांढुरकी पडून सुजली होती, नखांखाली निळसर झाले होते आणि मुलगा अक्षरशः रडत होता. तेव्हा मी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला, ॲसिड कोणते? मालकाने गाडीतून पांढरा कॅन आणला. त्याच्यावर नावच नव्हते. त्यांना फक्त इतके माहीत होते की, हे चाकांचा गंज आणि काळेपणा मिनिटात काढते.

चाकांसाठी आणि गंजाच्या डागांसाठी मिळणाऱ्या काही द्रावणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा त्याच जातीची फ्लुओराइडची संयुगे असतात. आपल्या ओळखीच्या मोरीच्या ॲसिडपेक्षा याची चाल निराळी. मोरीचे ॲसिड लागले की लगेच चरचरते आणि माणूस हात धुतो. हे पातळ केलेले असेल तर लागताना जाणवतही नाही. कातडीतून ते गुपचूप आत उतरते आणि त्यातला फ्लुओराइड शरीरातल्या कॅल्शियमला पकडत जातो. वेदना काही तासांनी, कधी चोवीस तासांनीही सुरू होते. वरून कातडी जवळजवळ ठीक आणि आतून असह्य ठणका, हीच त्याची खूण. जास्त अंगावर सांडले किंवा पोटात गेले तर रक्तातले कॅल्शियम इतके उतरते की हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. अमेरिकेच्या एकट्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या धुणारे ४८ कामगार या आम्लाने भाजल्याची नोंद आहे.

त्या रात्री मी त्याचा हात अर्धा तास वाहत्या पाण्याखाली धरायला लावला. कॅल्शियम ग्लुकोनेटची इंजेक्शने दवाखान्यात होती. ती तपासणीच्या जेलीत मिसळून लेप केला, रबरी हातमोज्यात भरला आणि तो मोजा त्याच्या हातात घातला. तासाभरात ठणका उतरू लागला. लगेच त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या रुग्णालयात पाठवले. बोटे वाचली. एका नखाची मात्र वाट लागली आणि त्या बोटाच्या टोकाला अजून नीट स्पर्श कळत नाही. संध्याकाळीच मी कॅन मागवून विचारपूस केली असती तर पाच तास वाचले असते. दुखणे लालीच्या मानाने जास्त असेल तर पोरगा हळवा आहे असे म्हणायचे नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून सेंटरच्या मालकांना विनंती. बिननावाचा कॅन आणू नका. आणलेला असेल तर तो मुलांच्या हाती उघड्या हातांनी देऊ नका. असे काही लागले तर दुखो वा न दुखो, ताबडतोब भरपूर वाहते पाणी, किमान पंधरा-वीस मिनिटे, आणि कॅन बरोबर घेऊन डॉक्टरांकडे. ते द्रावण पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवणे तर गुन्हाच समजा. तहानलेले पोर बाटली उचलून तोंडाला लावते.

हल्ली चाकावर फवारले की जांभळे होणारे एक द्रावण मिळते. लोकांना ती जादू वाटते. त्यात थायोग्लायकोलेट नावाचे रसायन असते, जे लोखंडाशी मिळून जांभळा रंग देते. केस काढायच्या क्रीममध्ये याच जातीचे रसायन असते, म्हणून वासही तसाच कुजकट येतो. फ्लुओराइडच्या मानाने हे बरेच बरे. तरी हातमोजे घालावेत, उघड्यावर वापरावे, चाकावर वाळू देऊ नये आणि कोणत्याही ॲसिडमध्ये मिसळू नये. मोरीचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करून 'डबल पावर' बनवणारे महाभागही आहेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो बंद शेडमध्ये माणसाला आडवा करतो.

खरे तर आठवड्याच्या आठवड्याला धुतलेल्या चाकाला यातले काहीच लागत नाही. गुरुजींना मी सांगितले ते असे. गाडी फिरवून आणल्यावर चाके थंड होऊ द्यावीत, कारण तापलेल्या तबकडीवर गार पाणी पडले तर ती वाकू शकते. सावलीत लावून आधी नुसते पाणी भरपूर सोडावे, कोरडे फडके किंवा ब्रश मुळीच लावू नये. मग बादलीभर पाण्यात गाडीचा शाम्पू घालून मऊ ब्रशने आऱ्यांच्या मधून घासावे आणि पुन्हा पाणी सोडावे. चाकांचे फडके आणि बादली निराळी ठेवावी, तिच्यातले कण बॉडीवर गेले तर रंगावर ओरखडे उठतात. हे पाणी विहिरीकडे किंवा परसातल्या भाजीकडे जाऊ देऊ नये. चाके वाळल्यावर मेणाचे पॉलिश लावले तर पुढच्या वेळी धूळ लवकर सुटते. मुलांना काम द्यायचेच तर काचा पुसायला द्या, चाके नकोत.

पंधरा दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. खोकला गेला होता, चाके चमकत होती, पण पुढचे डावे उजव्यापेक्षा लवकर काळे पडते म्हणाले. मी त्यांना चौकातल्या मिस्त्रींकडे पाठवले. डाव्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता, पॅड सतत घासत होते. एकच चाक जास्त काळे किंवा जास्त गरम असेल तर ते असे दाखवून घ्यावे.

धुतल्यावर गाडी तशीच लावून ठेवू नये. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून चार-पाच वेळा ब्रेक दाबावा, म्हणजे आतले पाणी उडून जाते. टायर चमकवायचे तेल डिस्कवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लागू देऊ नये. आणि पूजेचा झेंडूचा हार बॉनेटवर घालावा, चाकाच्या आऱ्यांत गुंफू नये.